बाई, वटवाघूळ गप्प बसू शकतं का?

नववीत ध्वनीचा धडा आला की मी फळ्यावर एक वटवाघूळ काढायची. त्याच्या तोंडातून निघणाऱ्या लाटा, समोर एक पतंग, पतंगावर आदळून परत फिरणाऱ्या लाटा. खाली मोठ्या अक्षरात लिहायची, ‘उडतं सोनार’. सातारा जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांमध्ये ३२ वर्षं विज्ञान शिकवलं. एवढ्या वर्षांत ना चित्र बदललं, ना ते दोन शब्द. मुलांना ते आवडायचं, पेपरातही मुलं तेच काढून यायची. वटवाघळांबद्दलचं माझं सगळं मत त्या दोन शब्दांत मावत होतं. आज ते मत राहिलेलं नाही. ते कसं गेलं हे लिहून ठेवावंसं वाटतं, कारण जिच्या एका प्रश्नाने ते तेव्हाच जायला हवं होतं, तिला मी चुकीचं उत्तर दिलं.

ती शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची. वर्षभरात तिचा आवाज मी दहा वेळासुद्धा ऐकला नसेल. हजेरी द्यायची तीही ओठांतल्या ओठांत. त्या दिवशी तिने हात वर केला आणि विचारलं, “बाई, वटवाघूळ गप्प बसू शकतं का?”

वर्ग हसला. मी हसले नाही, पण थांबलेही नाही. म्हटलं, “अंधारात उडताना गप्प बसलं तर भिंतीवर आपटेल ना? अगं, ते ठरवून ओरडत नाही. ती प्रतिक्षिप्त क्रिया आहे. डोळ्यांसमोर हात आला की पापणी आपोआप मिटते, तसं.” ती बसली आणि माझं वाक्य तिने वहीत उतरवून घेतलं. ते उत्तर चूक होतं.

मी ते उगाच ठोकून दिलं नव्हतं, हेही सांगायला हवं. माझ्या बाजूला पुष्कळ आधार होते. १९३८ साली हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या डोनाल्ड ग्रिफिन या विद्यार्थ्याने वटवाघळं पिंजऱ्यात घालून एका भौतिकशास्त्रज्ञाच्या यंत्रासमोर नेली. माणसाला ऐकू न येणारे आवाज टिपणारं यंत्र ते. आपल्याला मुकी वाटणारी वटवाघळं सतत आवाज काढतात, हे तिथे पहिल्यांदा कळलं. पुढे तीस वर्षांनी, १९६८ मध्ये, हान्स-उलरिख श्निट्झलर या जर्मन संशोधकाने नाकावर घोड्याच्या नालेसारखी कातडी असलेल्या वटवाघळाबद्दल जे दाखवलं, ते तर मी वर्गात रंगवून सांगायची. हे वटवाघूळ साधारण ८३ हजार हर्ट्झची एकच लांब शिट्टी घालतं. उडत पुढे जाताना परत येणारा प्रतिध्वनी त्याला अधिक चढ्या सुरात ऐकू येणार, जवळ येणाऱ्या गाडीची शिट्टी येते तसा. पण त्याचा कान एका ठरावीक सुरालाच अतिशय तीक्ष्ण असतो. म्हणून ते स्वतःची शिट्टी उतरवतं, ती बरोबर इतकी की परत येणारा सूर पुन्हा त्या ठरावीक जागीच पडावा. वेग वाढला की आणखी उतरवतं, कमी झाला की चढवतं. मी मुलांना म्हणायची, इस्त्री तापली की आतला थर्मोस्टॅट ती बंद करतो, तसंच हे. त्यात विचार कुठे आला?

शिवाय मेंदूचा पुरावा होता. मध्यमेंदूतल्या काही जागी विजेचा अगदी हलका प्रवाह दिला की वटवाघूळ आवाज काढतं, आणि ते आवाज नेहमीच्या आवाजांसारखेच असतात. कळ दाबली, आवाज आला. पंखांची फडफड, श्वास आणि आवाज हे तिन्ही एका तालात बांधलेले असतात, उच्छ्वासाबरोबरच आवाज निघतो, हेही माहीत झालेलं होतं. या सगळ्यातून ‘उडतं सोनार’ हा निष्कर्ष काढायला फार धाडस लागत नव्हतं.

निवृत्त झाल्यावर एका संध्याकाळी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. आता तो पुण्यात प्राणिशास्त्र शिकवतो. त्याच्या पिशवीत मोबाइलपेक्षा थोडा जाड असा डिटेक्टर होता. वटवाघळांचा श्राव्यातीत आवाज आपल्या कानांना झेपेल इतका खाली आणतो तो. आम्ही गच्चीवर गेलो. समोर कडुनिंब, त्याच्या बाजूला रस्त्यावरचा दिवा, दिव्याभोवती चिलटं. दिवेलागण होऊन गेली होती. त्याने बटण फिरवून काटा ४५ हजारांच्या आसपास आणला आणि डिटेक्टर दिव्याकडे धरला.

टप. टप. टप. वळवाचे पहिले थेंब पत्र्यावर पडावेत तसा आवाज. वर एक पाकोळी, म्हणजे लहानसं वटवाघूळ, गोल घिरट्या घालत होती. थेंब घाईघाईने पडू लागले, एकमेकांत मिसळले आणि शेवटी मांजरपाट फाडावं तसा टर्रर्र आवाज आला. “किडा गेला,” तो म्हणाला. किडा तोंडाशी आला की काही वटवाघळं सेकंदाला १६० हून अधिक आवाज काढतात. त्यांच्या स्वरयंत्राचे स्नायू तेवढ्या वेगाने आखडतात आणि सैलावतात, हे २०११ मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी दाखवलं. ते ऐकताना अंगावर काटा आला. आयुष्यभर फळ्यावर काढलं ते मी पहिल्यांदा कानांनी ऐकत होते.

मग दुसरी पाकोळी आली. दोघी एकाच दिव्याभोवती, एकमेकींपासून हातभर अंतरावर. मी वर पाहत होते आणि कान डिटेक्टरकडे होता. दिसत दोघी होत्या, ताल मात्र एकाच पाकोळीचा येत होता. काही क्षणांनी दुसरा ताल सुरू झाला, पुन्हा थांबला. मी म्हटलं, “अरे, ही एक गप्प कशी?”

तो सावध माणूस आहे. म्हणाला, “बाई, तिने तोंड पलीकडे वळवलं असेल. यावरून काही सिद्ध होत नाही.” पण दुसऱ्या दिवशी त्याने मला एक शोधनिबंध पाठवला, २००८ सालचा. अमेरिकेतल्या मेरिलँड विद्यापीठात सिंथिया मॉस यांच्या प्रयोगशाळेत मोठ्या तपकिरी वटवाघळांच्या जोड्या अंधाऱ्या खोलीत उडवल्या होत्या. दोघं एकमेकांच्या एक मीटरच्या आत आली की त्यांतलं एक आवाज बंद करायचं. आणि तेही सेकंदाच्या पाचव्या भागाहून जास्त वेळ. सातही जोड्यांची सरासरी काढली तर जवळजवळ असताना ४० टक्के वेळ अशी शांतता, आणि एखाद्या जोडीत ७६ टक्क्यांपर्यंत. ज्यांचे आवाज एकमेकांशी जास्त मिळतेजुळते, त्यांच्यात गप्प बसणं जास्त. म्हणजे दोन सुरांची गल्लत होऊ नये म्हणून एकाने तोंड मिटायचं. आणि गप्प बसलेलं ते वटवाघूळ भिंतीवर आपटत नव्हतं.

निबंध वाचून झाल्यावर मला ती मुलगी आठवली, तिचं बाक आठवलं, वही आठवली.

पुढे कळलं की तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला अमेरिकेपर्यंत जायचीही गरज नव्हती. आपल्याकडच्या लेण्यांत, पडक्या वाड्यांत, जुन्या विहिरींत एक वटवाघूळ राहतं. त्याचे कान मोठे, कपाळावर एकमेकांना जोडलेले. पूर्वी त्याला रक्तपिपासू समजत, पण ते रक्त पीत नाही. बेडूक, उंदीर, पाली, मोठे किडे खातं. बेडकाने उडी मारली, वाळक्या पानांत उंदीर सरकला की ती खसखस ऐकूनच ते झडप घालतं. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हेच वटवाघूळ पूर्ण अंधारात, एकही आवाज न काढता उंदीर पकडताना दिसलं. त्याचं सोनार शाबूत असतं. ते वापरत नाही, एवढंच. मी ज्या सालात पापणीचं उदाहरण दिलं, त्याच्या कितीतरी आधी हे छापून झालेलं होतं.

यानंतर मी मेंदूबद्दल नव्याने वाचायला बसले. वाचत गेले तसं माझ्या लक्षात आलं, की मी उदाहरणच चुकीचं निवडलं होतं. पापणी नको होती, श्वास हवा होता. श्वास आपोआप चालतो. झोपेतही लंबमज्जा तो चालवते. पण विहिरीत सूर मारताना आपण तो रोखतो, गाणारा माणूस तो पुरवून पुरवून सोडतो. एकच क्रिया, तिला खालून चालवणारा एक कारभार आणि वरून लगाम घालणारा दुसरा. वटवाघळाचा आवाज या जातीचा आहे. मध्यमेंदूतल्या जागेला प्रवाह देऊन आवाज निघतो हे खरंच आहे, पण त्यावरून वर कोणीच बसलेलं नाही असं ठरत नाही. मी ते ठरवून टाकलं होतं.

वरचं कोण? फ्रँकफर्टच्या ग्योटे विद्यापीठात हुलिओ एचेवार्रिया यांच्या गटाने २०२० मध्ये त्याचा माग काढला. त्यांनी निवडलेलं वटवाघूळ मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं, आखूड शेपटीचं, फळं खाणारं. ते एकाच स्वरयंत्रातून दोन तऱ्हेचे आवाज काढतं. एक वाट शोधण्याचा, फार चढा. दुसरा आपल्या जातभाईंसाठी, बराच खालच्या सुरातला. संशोधकांनी त्याच्या मेंदूच्या कपाळामागच्या भागात आणि त्याच्याशी जोडलेल्या खोलवरच्या एका केंद्रात बारीक इलेक्ट्रोड ठेवले आणि वटवाघूळ आपण होऊन आवाज काढेपर्यंत वाट पाहिली. आवाज निघण्याआधीच तिथले विद्युत ताल बदलत होते. वाट शोधण्याचा आवाज येणार असेल तर एका तऱ्हेने, दुसऱ्या वटवाघळासाठीचा येणार असेल तर दुसऱ्या तऱ्हेने. त्या तालांवरून पुढचा आवाज कोणत्या जातीचा असेल हे आधी सांगता येत होतं.

या एका गोष्टीपाशी मी बरेच दिवस अडून होते. तयारी म्हणजे इच्छा नव्हे, हे मला कळतं. हाताने पेला उचलण्याआधीही मेंदूत तयारी होते, आणि तेव्हा आपण काही गहन विचार करत नसतो. पण प्रतिक्षिप्त क्रियेत बाहेरून चेतना येते आणि मग शरीर उत्तर देतं. इथे बाहेरून काहीच आलेलं नाही. आतून सुरुवात झाली आहे, आणि कुणासाठी बोलायचं यावरून ती सुरुवातही वेगळी आहे. गुडघ्यावर हातोडी बसायच्या आधी पाय उडत नाही.

त्यानंतरची दोन-तीन वर्षं मी जवळजवळ एकाच जातीच्या मागे होते, इजिप्तच्या फळखाऊ वटवाघळाच्या. त्याचं कारण महाबळेश्वर. तिथल्या रॉबर्स केव्हमध्ये जी वटवाघळं लटकतात ती याच कुळातली, त्याची सख्खी भावंडं म्हणावीत अशी. फळं खाणारी वटवाघळं प्रतिध्वनी वापरत नाहीत असं मी शिकवायची. बहुतेक जातींना ते लागू आहे, या कुळाला नाही. ती जिभेने टकटक करून अंधारी गुहा ओळखतात आणि भांडायला, दटावायला स्वरयंत्र वापरतात. तेल अवीवमध्ये योसी योवेल यांच्या गटाने अशी २२ वटवाघळं ७५ दिवस ध्वनिमुद्रित केली. सुमारे १५ हजार आवाज तपासले, तेव्हा आपल्याला एकसारखी वाटणारी ती किचकिच वेगवेगळी निघाली. खाण्यावरून भांडण, झोपायच्या जागेवरून भांडण, फार जवळ येऊन बसलेल्याला हटकणं, नको असलेल्या नराला झिडकारणं. आवाज कुणाचा हे त्यातून ओळखता येत होतं, आणि काही प्रमाणात तो कुणाला उद्देशून आहे हेसुद्धा.

त्याच गटाने २०१७ मध्ये पिल्लांवर केलेला प्रयोग मला सर्वांत जवळचा वाटतो. पिल्लं आयांजवळच वाढवली, पण प्रत्येक गटाला मोठ्या थव्याचा वेगळा आवाज ध्वनिक्षेपकावरून ऐकवला. एकाला चढा, एकाला उतरता. पिल्लं मोठी झाली ती आपापल्या गटाने ऐकलेल्या थव्याच्या बोलीत. आयांचा आवाज आहे तसाच होता, पोरं मात्र आजूबाजूच्या गर्दीसारखी बोलू लागली. आमच्या शाळेत कोकणातून बदली होऊन आलेल्या घरांतली मुलं यायची. आई घरात मालवणी बोलायची, आणि सहा महिन्यांत मुलगा मैदानावर अस्सल सातारी बोलत असायचा. ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. जो आवाज ऐकून बदलतो, शिकून घडतो, त्याला पापणीच्या रांगेत बसवता येत नाही.

आणि २०२४ मध्ये त्या शिकण्याची वाटही दिसली. माणसाच्या मेंदूत हालचाली ठरवणाऱ्या बाह्यपटलापासून स्वरयंत्र हलवणाऱ्या चेतापेशींपर्यंत एक थेट तार जाते. बहुतेक सस्तन प्राण्यांत, अगदी आपल्या जवळच्या माकडांतही, ती नसते किंवा अगदी विरळ असते. माणूस बोलायला शिकतो आणि माकड शिकत नाही, याचं एक कारण हेच असावं असं अनेक शास्त्रज्ञ मानत आले आहेत. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन आणि बर्कलीच्या संशोधकांना त्या इजिप्तच्या वटवाघळात अशी थेट जोडणी सापडली. आवाज शिकणाऱ्या इतर प्राण्यांच्या जनुकांतही काही समान खुणा आहेत का, हे पाहायला त्यांनी दोनशेहून अधिक सस्तन प्राण्यांचे जनुकीय आराखडे ताडून पाहिले. त्या खुणा तिथे होत्या.

तरी वटवाघळं बोलतात असं मी म्हणणार नाही. त्यांना वाक्यं नाहीत, काल काय झालं ते ती सांगत नाहीत. आणि त्यांच्या आवाजातलं पुष्कळ काही आजही यंत्रासारखंच आहे. आजूबाजूला गोंगाट वाढला की मोठं तपकिरी वटवाघूळ ३० मिलिसेकंदांच्या आत स्वतःचा आवाज चढवतं. एवढ्या वेळात कुणीच काही ठरवू शकत नाही. नालेच्या नाकाच्या वटवाघळाचं गणितही बहुतांशी खालच्या मेंदूचं काम आहे. माझी जुनी टिपणं मी फाडलेली नाहीत. चुकलं ते एवढंच, की मी अर्ध्या गोष्टीला पूर्ण गोष्ट म्हटलं आणि उरलेल्या अर्ध्याबद्दल विचारणाऱ्या मुलीला खाली बसवलं.

त्याची किंमत फक्त वर्गात मोजली गेली असती तरी मला लिहावंसं वाटलं असतं. पण ती बाहेरही मोजली गेली. आमच्या गावाजवळ नदीकाठी मोठा वड होता, त्यावर शेकडो वटवाघळं लटकलेली असायची. केरळात निपाह विषाणूची साथ आली, तो वटवाघळांतून येतो अशा बातम्या आल्या, आणि गावात ठरलं की फांद्या छाटायच्या. दिवसाढवळ्या करवत चालली. घाबरून उडालेली वटवाघळं उन्हात सैरावैरा फिरत होती, पोटाशी पिल्लं घेतलेल्या माद्याही त्यांत होत्या. गावातली जुनी विज्ञानशिक्षिका म्हणून मला विचारलं गेलं. मी गप्प राहिले. तेव्हा फळखाऊ वटवाघळं कायद्याने उंदीर आणि कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. ती यादी २०२२ च्या दुरुस्तीने गेली. पण माझ्या गप्प राहण्याचं कारण कायदा नव्हता. वर जो कल्लोळ चालला होता तो मला आवाज करणाऱ्या यंत्रांचा कल्लोळ वाटत होता. आई पिल्लाला हाक मारत असेल, पिल्लू उत्तर देत असेल, हे माझ्या मनालाही शिवलं नाही.

निपाहचा धोका खोटा नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांमध्ये त्या विषाणूच्या खुणा सापडल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं आहे. म्हणूनच गुहेत शिरू नये, उष्टी फळं खाऊ नयेत आणि वटवाघळांना हुसकून गावभर पांगवू नये. हे मी त्या दिवशी सांगू शकले असते.

ज्या ग्रिफिनने सोनार शोधलं, त्याच्याबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली. वटवाघळाच्या आवाजाचं यंत्र जगापुढे मांडणाऱ्या याच माणसाने १९७६ मध्ये प्राण्यांच्या जाणिवेवर पुस्तक लिहिलं, आणि प्राण्यांना मन असू शकतं हा प्रश्न विज्ञानाने टाळू नये, असं तो आयुष्याच्या अखेरपर्यंत सांगत राहिला. मी मुलांना त्याचं १९३८ सालच सांगत राहिले.

ध्वनीचा धडा आज जे शिकवत आहेत, त्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. फळ्यावर वटवाघूळ जरूर काढा, लाटाही काढा. प्रतिक्षिप्त क्रियेचं उदाहरण हवं असेल तर गुडघ्यावरची हातोडी द्या, डोळ्याची पापणी द्या. वटवाघळाचा आवाज त्या यादीत घालू नका. आणि मागच्या बाकावरून कुणी विचारलंच, तर उत्तर ‘हो’ असं आहे.